मक्त्याच्या वावरातली संत्री : समाजमाध्यमं आणि आपला श्रोता



८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात, गाडगेबाबांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं म्हणून आज आपल्या कानांवर येतं. पुढे दीड महिनाही झाला नाही, २० डिसेंबरला इथून, अमरावतीपासून, हाकेच्या अंतरावर, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. त्या कीर्तनाची संहिता पुष्कळ ठिकाणी छापली गेली आहे आणि छापणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट मान्य करावी लागली आहे : नुसतं बाबांचं बोलणं छापलं तर कीर्तन कळत नाही, लोकांची उत्तरंही छापावी लागतात. बाबा विचारतात, जगात देव किती? लोक छातीठोकपणे एक म्हणतात. मग बाबा एकेक दैवत पुढे करतात. तुमच्या गावी खंडोबा आहे का, भैरोबा आहे का, मरीआई आहे का. दर वेळी होकार येतो, होकारांची रास वाढते आणि शेवटी मघाचाच प्रश्न परत येतो. आता तेच उत्तर तोंडातून निघत नाही. बाबांनी काहीही सिद्ध करून दाखवलेलं नसतं. लोकांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःला अडचणीत आणलेलं असतं, आणि हसतही तेच असतात. निरक्षर माणसाने पोलीस ठाण्याच्या आवारात केलेला हा प्रयोग आज समाजमाध्यमांवर श्रोता कसा मिळवावा याची शिकवणी लावणाऱ्यांनी एकदा शांतपणे ऐकावा, म्हणून मी इथून सुरुवात करतो.

आजचा विषय तोच आहे. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांवर बोलणाऱ्याला माणसं कशी मिळतात, कशी टिकतात. माझं म्हणणं एका वाक्यात मावतं : श्रोत्याच्या उत्तराने बोलणाऱ्याचं पुढचं वाक्य बदलत असेल तरच श्रोता वाढतो, ते बदलत नसेल तर वाढते ती गर्दी. हे वाक्य सोपं दिसतं म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नका. त्याला पुरावा लागतो, आणि त्याच्या विरोधात बोलण्यासारखंही बरंच आहे.

आधी मोजमापाकडे पाहू. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि वर्षा-दोन वर्षांत वऱ्हाडातल्या पारापारावर व्हिडिओ चालू लागले. बोलणाऱ्याच्या हाती त्याबरोबर एक आकडा आला, किती जणांनी पाहिलं याचा. हा आकडा मुळातच भोळा आहे. बसस्टँडवरून दिवसाला हजारो माणसं जातात म्हणून तिथला चहावाला हजारो गिऱ्हाइकं मोजत नाही, तो संध्याकाळी कप मोजतो. यूट्यूबला हे बोलणाऱ्यांच्या आधी कळलं. २०१२ मध्ये त्यांनी नुसत्या ‘पाहिलं’पेक्षा ‘किती वेळ पाहिलं’ याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. फेसबुक दुसऱ्या वाटेने गेलं. २०१७ पासून त्यांनी साध्या अंगठ्यापेक्षा इतर भावचिन्हांना पाचपट वजन दिलं, आणि त्यात संतापाचा लाल चेहराही होता. २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा जगाला हे कळलं. तोवर कंपनीने त्या लाल चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलेलं होतं. म्हणजे काही काळ आपल्या संतापाचा भाव बाजारात आपल्या पसंतीच्या पाचपट चालला होता. कापसाला असा भाव कधी मिळाला नाही.

या सगळ्या धडपडीला इंग्रजीतून आलेला शब्द आहे एंगेजमेंट. आपल्याकडे एंगेजमेंट म्हणजे साक्षगंध. साक्षगंधाला दोन्ही घरची माणसं लागतात, चार साक्षीदार लागतात, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंवर काही बंधन येतं. समाजमाध्यमांच्या हिशेबात मात्र एका बाजूने अंगठा उठवला की कार्य उरकलं. शब्द आपण घेतला, रीत घेतली नाही.

रीत तर आपल्याच जिल्ह्यात होती. ऋद्धिपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, तेव्हा महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी तिथे नव्हते. म्हाइंभट ज्यांनी स्वामींना ऐकलं त्यांच्याकडे गेले. कुणाच्या आठवणीत काय उरलं ते विचारलं. सांगणाऱ्यांत फरक पडला तर तोही नोंदला. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ श्रोत्यांच्या स्मरणावर उभा आहे. पुढे पंथातल्या विद्वानांना संस्कृतात लिहिण्याचा मोह झाला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण त्यांनी तत्त्वज्ञानातून काढलं नाही. संस्कृतात लिहिलं तर आपल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, एवढंच ते म्हणाले. संस्कृतात लिहिलं असतं तर देशभरच्या पंडितांपर्यंत ‘पोच’ गेली असती. नागदेवांनी पोच सोडली आणि म्हाताऱ्या राखल्या. साडेसातशे वर्षांच्या आसपास लीळाचरित्र टिकलं आहे, ही गोष्ट हिशेबात धरायला हरकत नसावी.

आता पुन्हा गाडगेबाबांकडे, कारण खरी संपत्ती तिथेच आहे. शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६. या माणसाने गावात शिरल्यावर पहिलं काम केलं ते बोलण्याचं नव्हतं. हातात खराटा घेऊन तो गल्ली झाडू लागे. फाटक्या चिंध्यांचा हा कोण वेडा म्हणून लोक आधी पाहत राहत; मग एखादं पोट्टं झाडायला लागे, मग दोन बाप्ये. संध्याकाळी कीर्तनाला लोक बसत तेव्हा त्यांच्या हाताला माती लागलेली असे. म्हणजे श्रोता बसण्याआधीच त्याने काहीतरी केलेलं असे, आणि ज्याने काही केलं तो उठून जात नाही. समाजमाध्यमांवरचा नेहमीचा सल्ला याच्या नेमका उलट आहे : आधी लक्ष वेधा, पहिल्या तीन सेकंदांत चमत्कार दाखवा, मग शेवटी काही करायला सांगा. बाबांनी काम आधी लावलं आणि प्रश्न नंतर विचारले. दुसरी गोष्ट, ते पाया पडू देत नसत आणि आपला कुणी शिष्य नाही असं सांगत. आज ज्याला फॉलोअर म्हणतात त्याचं सरळ मराठी अनुयायी होतं. ज्याने अनुयायी नाकारले त्याच्यामागे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथल्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. या धर्मशाळा लोकांच्या पैशांतून झाल्या आणि विश्वस्तांच्या हवाली झाल्या. स्वतः बाबांजवळ फुटकं गाडगं राहिलं.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी यात एक भर घातली. १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम सुरू झाला आणि पुढे गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. शाखेत सामुदायिक प्रार्थना ठरल्या वेळी होते आणि महाराज समोर असण्याची तिला गरज नसते. हा फरक मोठा आहे. सतरंजी अंथरणारा, दिवा लावणारा, खंजिरी धरणारा हे गावातलेच. वक्ता दूर असताना श्रोते एकमेकांना भेटतात. आज एखाद्या चॅनेलचे पाच लाख सदस्य असले तरी त्यातला कुणी दुसऱ्या कुणाला ओळखत नाही. ते एकाच खिडकीकडे तोंड करून उभे असलेले पाच लाख एकटे लोक आहेत. माझ्या मते श्रोता आहे की गर्दी हे पाहायची सगळ्यांत साधी कसोटी हीच आहे, की बोलणारा आठवडाभर गप्प बसला तर ते आपसांत काही बोलतात का.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. बाबा समोर होते, चेहरे दिसत होते. पडद्यावर ते कुठून आणणार? शिवाय त्या काळात गावात करमणुकीला दुसरं होतं काय? दुसरा भाग मी मान्य करत नाही. तमाशा होता, जत्रा होती, दंडार होती, आणि बाबा मुद्दाम जत्रांत जात, जिथे माणसाचं लक्ष ओढायला शंभर गोष्टी असत. पूर्णेकाठच्या ऋणमोचनाच्या यात्रेपासून त्यांचं काम सुरू झालं, ते काही निवांत सभागृह नव्हतं. पहिला भाग मात्र खरा आहे. पडद्यावर चेहरा दिसत नाही, प्रश्नानंतरची शांतता ऐकू येत नाही. पण त्याचा अर्थ प्रश्न विचारूच नये असा होत नाही. उत्तर उशिरा येतं, एवढाच फरक. या आठवड्यातला प्रश्न, पुढच्या आठवड्यात त्याची उत्तरं, ज्याचं उत्तर वेगळं होतं त्याचं म्हणणं मांडून मग पुढचा विषय, असं चालवता येतं. अकोटचे सप्तखंजिरीवादक सत्यपाल महाराज एका वेळी सात खंजिऱ्या वाजवतात. मोबाइलवर त्यांना ऐकणारा समोर बसलेला नसतो. तरी त्यांच्या बोलण्यातला ‘काहून बाप्पा?’ घरात बसलेल्याला आपल्यालाच विचारल्यासारखा वाटतो, कारण तो मुळात कुणाला तरी विचारलेला असतो. कॅमेऱ्याकडे पाहून विचारलेला प्रश्न आणि माणसाकडे पाहून विचारलेला प्रश्न यांतला फरक पडद्यावरही लपत नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. वऱ्हाडीत बोलाल तर पाच जिल्ह्यांबाहेर कोण ऐकेल? डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया करणाऱ्या बोलीला पुण्या-मुंबईत हसतात, असं म्हणणारे आपल्यातच पुष्कळ आहेत. हसतात, हे खरं. पण विठ्ठल वाघांनी ‘काया मातीत मातीत’ ही कविता वऱ्हाडीतच लिहिली. १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ चित्रपटातून ती महाराष्ट्रभर गेली. भारत गणेशपुरेंनी ‘चला हवा येऊ द्या’मधून हीच बोली घराघरांत नेली. इथे मला एक वेगळी काळजी वाटते. बोली चालते हे कळल्यावर तिचा सोंगासारखा वापर सुरू होतो. दर वाक्याला ‘बाप्पा’, दर व्हिडिओत धोतरातला बावळट म्हातारा. त्यावर हसणारा वऱ्हाडी माणूस हळूहळू स्वतःलाच हसायला शिकतो. बोलीने श्रोता जोडायचा असेल तर बोलीत गंभीर गोष्ट सांगता आली पाहिजे. कर्जाची, औषधाच्या मात्रेची, पोरीच्या शिक्षणाची.

तिसरा आक्षेप सगळ्यांत कठीण. संताप चालतो, तुम्ही कितीही नाकं मुरडली तरी. हो, चालतो. फेसबुकच्या पाचपटीने ते सिद्धच केलं आहे. तो काय करतो तेही आपण पाहिलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलण्यावर बंदी घालण्याचं जाहीर केलं. पसरण्यावर जगणाऱ्या कंपनीला पसरण्याला लगाम घालावा लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. १३ मे २०२३ ला अकोल्यात एका समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जुन्या शहरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एक माणूस जिवानिशी गेला. या घटनांची कारणं एवढीच होती असं मी म्हणत नाही. राजकारण होतं, जुनी वैरं होती. पण एक गोष्ट पाहा. संतापाने जमलेले लोक जमवणाऱ्याचे राहिले नाहीत. उद्या दुसरा कुणी जास्त भडक बोलला की ते तिकडे गेले. संतापावर मोठं झालेल्याला दर आठवड्याला आधीपेक्षा तिखट करावं लागतं, आणि कधीतरी हाताला मिरचीच उरत नाही. धंदा म्हणूनसुद्धा तो खोटाच ठरतो, नीतीचं बाजूला ठेवा.

मग जागेचा प्रश्न. हे सगळं आपण उभं करतो कुणाच्या जमिनीवर? २९ जून २०२० ला केंद्र सरकारने एकोणसाठ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदीच्या कारणांच्या वादात मी पडत नाही. अकोला-अमरावतीच्या खेड्यांतल्या कितीतरी पोरापोरींनी त्यावर नाव कमावलं होतं. शेतात, गोठ्यात, घराच्या पडवीत उभं राहून. एका रात्रीत त्यांच्या प्रेक्षकांची यादीच नाहीशी झाली. हा मक्त्याच्या वावराचा अनुभव आहे. मक्त्याने घेतलेल्या शेतात आपण सोयाबीन पेरतो, कपाशी लावतो, तूर टाकतो. संत्रा कुणी लावत नाही. संत्र्याला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात आणि मालक पुढच्या गुढीपाडव्याला वावर परत मागू शकतो. समाजमाध्यमांवरची प्रत्येक जागा मक्त्याची आहे. तिथे हंगामी पीक जरूर घ्यावं. संत्र्याचं झाड मात्र लावायचं ते लोकांच्या मनात, आणि त्याची ओळख एकच : जागा गेल्यावर ते तुमचं नाव घेऊन दुसरीकडे शोधत येतात की नाही. टिकटॉक गेल्यावर काही जण यूट्यूबवर आणि इन्स्टाग्रामवर पुन्हा उभे राहिले ते त्यांच्या कसबाइतकंच या शोधत येणाऱ्यांच्या बळावर.

शेवटचा आक्षेप पोटाचा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. लहान श्रोतावर्ग ही खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे, गरीब पोराला लाखांतच जावं लागतं, असं म्हणतात. इथे जरा हिशेब करू. यूट्यूबने २०१८ पासून जाहिरातीच्या उत्पन्नाची जी पायरी ठेवली आहे ती लाखांची नाही. एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहणं, अशी आहे. चार हजारांना हजाराने भागा. दर माणशी वर्षाला चार तास. आठवड्याला दहा मिनिटांचा एक व्हिडिओ म्हणजे वर्षाची पाचशे वीस मिनिटं. त्यातली दोनशे चाळीस, निम्म्याहून कमी, प्रत्येकाने पाहिली तरी झालं. हजार माणसं म्हणजे आपल्याकडचं एक लहानसं गाव. एका गावाने वर्षात दोन कीर्तनं शेवटपर्यंत ऐकावीत, एवढीच ही पायरी आहे. त्या पायरीवर चढल्याने घर चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. मराठीतल्या लहान चॅनेलला जाहिरातीतून मिळतं ते मोबाइलच्या रिचार्जच्या जवळपासचं. घर चालतं ते श्रोत्याच्या विश्वासाने दुसरीकडून : रोपवाटिकेची रोपं जातात, कार्यक्रमांची बोलावणी येतात, शिकवणीला मुलं येतात. ती कामं लाखभर अनोळखी माणसं देत नाहीत, हजार ओळखीची देतात.

आणि आपल्या भागात तर लहान असण्याला मातीचंच कारण आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारट. पश्चिम महाराष्ट्रातून एखादा गुणी माणूस विहिरीवर ठिबक बसवून कपाशी कशी घ्यावी हे लाखो लोकांना सांगतो. दर्यापूरच्या शेतकऱ्याने ते ऐकून बोअर घेतली तर त्याचं वावर बसेल. त्याला शेततळ्याचं सांगणारा हवा, पावसाच्या पाण्यावर हरभरा कसा काढायचा हे सांगणारा हवा. तसं सांगणाऱ्याला लाख माणसं कधीच मिळणार नाहीत, कारण खारपाणपट्ट्याबाहेर त्या सांगण्याचा उपयोग नाही. पण जे मिळतील त्यांना दुसरीकडे जाण्याजोगी जागाही नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दरवर्षी शिवार फेरी होते. शेतकरी पीक डोळ्यांनी पाहतो, पानाला हात लावतो आणि शास्त्रज्ञाला तिथल्या तिथे विचारतो की हे माझ्या भारी काळ्या जमिनीत चालेल का. मला समाजमाध्यमांवरचा चांगला संवाद या फेरीसारखा वाटतो. पीक एकच असतं, पण प्रत्येक वाफ्यापाशी कुणीतरी थांबवून विचारतो आणि फेरी रेंगाळते.

वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराच्या संत्र्याची फळगळ होते तेव्हा काय घडतं ते डोळ्यांपुढे आणा. एखादा जाणकार बागायतदार व्हॉट्सॲपच्या गटावर रोज एक फवारणीचं कोष्टक टाकतो. चारशे लोक पाहतात, दोनशे अंगठे येतात, गट थंडच राहतो. दुसऱ्या गटावर रविवारी कुणीतरी झाडाखाली पडलेल्या हिरव्या फळांचा फोटो पाठवतो. फोटो अंधुक, वर एकच ओळ, ‘भाऊ, हे काहून गळून राह्यले?’ तिथला जाणकार लगेच औषधाचं नाव सांगत नाही. तो विचारतो, फळाच्या देठाजवळ पाहा, बारीक छिद्र आहे की देठ काळा पडला? मंगळवारी दुसरा फोटो येतो, या वेळी फळ तळहातावर धरून, छिद्र स्पष्ट दिसेल असा. दरम्यान शेंदुरजनाघाटच्या आणखी दोघांनी आपापल्या बागेतली फळं उलटून पाहिलेली असतात. एकाच्या फळाला छिद्र आहे, एकाच्या देठाला काळेपणा. आता गटावर दोन वेगळ्या कारणांचं बोलणं सुरू होतं, ज्याचा त्या रविवारच्या फोटोत मागमूस नव्हता. आणि बुधवारी सकाळी त्या जाणकाराचा पुढचा प्रश्न येतो, सगळ्यांनाच : पडलेली फळं वेचून खड्ड्यात पुरली का, की अजून झाडाखालीच आहेत?